एकेचाळीस गांडुळं

शुक्रवारी दुपारी साहेबांनी खणकाकांना केबिनमध्ये बोलावलं आणि त्यांच्या हातात एकेचाळीस गांडुळं ठेवली.

जिवंत नव्हती, एवढाच काय तो दिलासा. गळाला लावायची, मऊ प्लॅस्टिकची होती. बोटाएवढी, लिबलिबीत, काही शेवाळी रंगाची नि अंगावर काळे ठिपके, काही जांभळी, काही थेट गढूळ पाण्यासारखी. प्रत्येक जात आपापल्या छोट्या पिशवीत, आणि त्या सगळ्या पिशव्या एका कापडी गुंडाळीत. गुंडाळी उघडली की बडीशेपेचा वास यायचा. माशांना बडीशेप आवडते म्हणे. तसं माशांना कुणी विचारलं, हे विचारायची कार्यालयात पद्धत नव्हती.

"परवा सकाळी तळ्यावर घेऊन या," साहेब म्हणाले. "मी आत्ता मुख्य कार्यालयात निघालोय. तिकडूनच बड्या साहेबांना घेऊन थेट मासेमारीच्या स्पर्धेला येईन. तोवर ही तुमच्याकडे. जपा. चार वर्षांची जमवाजमव आहे."

"हो साहेब. पण घरी ठेवली असती तर..."

"घरी नको. मागच्या खेपेला आमच्या घरच्यांनी किडे झाले म्हणून सगळा कप्पा धुऊन काढला." साहेबांनी खोल श्वास घेतला. "आणि हो. अधीक्षकाच्या जागेचं पत्र सोमवारी काढायचंय. तुमचं नाव आहे डोक्यात. आपल्या कनिष्ठ होयबाचंही आहे, नाही असं नाही."

हे वाक्य ऐकायला खणकाका नकाशा खात्यात सव्वीस वर्षं थांबले होते. त्यांचं टेबल बोळात होतं, हात धुवायच्या जागेच्या वाटेवर. जाणारा येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या खुर्चीला कोपर लावून जायचा, आणि येणाऱ्याचं कोपर ओलं असायचं. अधीक्षकाला मात्र स्वतंत्र खोली होती. बायकोने तर बहिणीला फोन करून सांगूनही टाकलं होतं, की आमच्या ह्यांचं झाल्यातच जमा आहे.

खणकाका हे नाव त्यांना कार्यालयाने दिलं होतं. नकाशांच्या कपाटाला चौऱ्याऐंशी खण होते आणि कुठल्या खणात काय आहे ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक खण असतो आणि ती त्या खणात नसली की अनर्थ होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

साहेबांची समजूत वेगळी होती. वर्षापूर्वी बदलून आले तेव्हापासून ते खातं मासेमारीच्या तत्त्वावर चालवत होते. साधी मासेमारी नव्हे. "फिनेस म्हणतात ह्याला," ते दर सोमवारच्या बैठकीत सांगायचे. "नाजूक पद्धत. दोरा केसाएवढा, गळ नखाएवढा. गांडूळ पाण्यात सोडायचं आणि ओढायचं नाही. झटका तर अजिबात नाही. हाताने फक्त विचार करायचा. तो विचार दोऱ्यातून गांडुळापर्यंत जातो, गांडूळ किंचित थरथरतं, आणि मासा स्वतःहून येतो. फाइलीचंही तसंच. फाइल हलवायची नसते. थरथरवायची असते."

खात्यातल्या फाइली तशाही हलत नव्हत्या, त्यामुळे हे तत्त्व लगेच रुजलं. फरक इतकाच पडला, की पूर्वी त्याला दिरंगाई म्हणायचे आणि आता त्यावर भिंतीला तक्ता लागला होता. होयबा नावाचा जो कनिष्ठ होता, जो साहेबांच्या वाक्याच्या मध्यावरच मान डोलवायला लागायचा, त्याने तर हजेरीच्या वहीच्या कोपऱ्यात गळाचं चित्र काढून घेतलं होतं.

साहेबांच्या गळाला आजवर मासा लागला होता का, हा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच थरथरत राहिला.

संध्याकाळी घरी आल्यावर खणकाकांनी गुंडाळी जेवायच्या टेबलावर उघडली. बायको शिलाई मशीनवर पडद्यांना कडा घालत होती. ती शिवणकाम करायची. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतले पडदे, गणवेश आणि सोफ्याची कव्हरं तिच्याच हातची होती.

"हे काय आणलंत?"

"गांडुळं."

"बरं," ती म्हणाली आणि कड पुरी केली. तीस वर्षांच्या संसारात तिला आश्चर्याची एवढी घाई उरली नव्हती. "जेवणाच्या आधी उचला म्हणजे झालं."

पण उचलायची कशी? खणकाकांना तो पसारा बघवेना. चिमुकल्या पिशव्या, एकीत नऊ, एकीत तीन, कशाचा कशाला मेळ नाही. साहेब तळ्यावर एवढ्या माणसांपुढे गुंडाळी उघडणार आणि त्यातून हे असं बाहेर येणार? त्यांची नजर बायकोच्या बटणांच्या डब्यावर गेली. पारदर्शक, कडक प्लॅस्टिकचा, अठरा खणांचा.

"अगं, हा डबा दोन दिवस देतेस?"

"बटणं कुठे ठेवू?"

"वाटीत."

"तीनशे बटणं वाटीत?"

"दोन वाट्यांत."

मग खणकाका पट्टी घेऊन बसले. गांडुळं रंगाप्रमाणे लावावीत की लांबीप्रमाणे, यावर त्यांनी पाऊण तास विचार केला. शेवटी लांबीच ठरली, कारण नकाशेसुद्धा आकारानेच लावतात. त्यामुळे एकेका खणात शेवाळी, जांभळी, गढूळ अशी तिन्ही जातींची भावंडं शेजारी शेजारी निजली. प्रत्येक खणावर त्यांनी चिठ्ठी लावली. रिकाम्या पिशव्या घडी घालून, रबर लावून ठेवल्या. आणि शनिवारी सकाळी डबा चांगल्या उजेडात दिसावा म्हणून खिडकीत ठेवून, आंघोळीला जाताना दोनदा आणि येताना एकदा बघून घेतला.

दुपारी बारा वाजता त्यांनी झाकण उघडलं. म्हणजे उघडायला गेले. झाकण आलं ते तिसरा आणि चौथा खण सोबत घेऊनच आलं.

आत गांडुळं नव्हती. आत एकच काहीतरी होतं. शेवाळी जांभळ्यात मिसळलं होतं, जांभळं गढुळात, आणि ते सगळं खणांच्या भिंतींत. भिंती मेणासारख्या वाकल्या होत्या. मधूनच एखादी वळणदार शेपटी वर आलेली, बुडणाऱ्या माणसाने हात वर करावा तशी. त्यांनी डबा उचलायला ओढला तर खिडकीचा रंगही थोडा सोबत आला.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण फार लांबून येत होता.

बायकोने बघितलं. वास घेतला. "माझा डबा," ती म्हणाली.

गळ आणि दोरे विकणाऱ्या दुकानदाराने डबा उलटा करून बघितला. काही पडलं नाही.

"कडक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलीत, काका?"

"व्यवस्थित ठेवली. खणाखणांत."

"तिथेच चुकलं. ह्यांच्या अंगात तेल असतं, मऊ राहावीत म्हणून. ते कडक प्लॅस्टिकला खातं. आणि एका जातीचं गांडूळ दुसऱ्या जातीला लागलं की दोघंही विरघळतात. म्हणून तर प्रत्येक जात आपल्या पिशवीत येते. पिशवीवर लिहिलेलं असतं की."

"पिशव्या मी घडी घालून ठेवल्यात."

"पण वाचल्या नाहीत."

खणकाकांनी मान खाली घातली. सव्वीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, आधी चिठ्ठी वाचा, मग खण उघडा.

"अशीच द्या ना दुसरी. एकेचाळीस."

"ही जात आता येत नाही. बनवणाऱ्याने धंदा बंद केला. माझ्याकडे सध्या हीच आहेत." दुकानदाराने भडक गुलाबी रंगाचं, कोपरापर्यंत येईल असं एक गांडूळ काउंटरवर टाकलं. ते धप्पकन पडलं.

"ह्याला काय येतं?"

"ह्याला काय येत नाही विचारा. एकदा एकाची होडी ओढून नेली."

घरी आल्यावर खणकाका खुर्चीत बसले ते बूट न काढताच. सोमवारचं पत्र, ती खोली, बायकोने बहिणीला केलेला फोन, सगळं त्या डब्यात एकजीव झालेलं त्यांना दिसत होतं.

"साहेबांना फोन करून खरं सांगा," बायको म्हणाली.

"ते बड्या साहेबांसोबत आहेत. साहेबांनी त्यांना एव्हाना सांगितलंही असेल, ही गांडुळं म्हणजे माझं आयुष्य आहे."

बायकोने कपाळाला हात लावला. मग तो हात कपाळावरून काढून तिने शिवणाच्या पेटीत घातला. भांडी घासायचे जुने रबरी हातमोजे काढले, एक हिरवा जोड आणि एक करडा. आंघोळीच्या वेळी केसांवर घालायची जांभळी टोपी काढली. हातमोज्याचं एक बोट कापलं, उलटं केलं, निमुळतं केलं.

"शेपटी कुठे वळते, डावीकडे की उजवीकडे?"

"अगं, पण..."

"डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," खणकाका म्हणाले, आणि उठून बूट काढले.

दुपारभर मशीन चाललं. बायको रबराच्या पट्ट्या कापून, मुडपून, दुहेरी टीप घालून बारीक नळ्या शिवत होती. खणकाका समोर बसून पेनने ठिपके देत होते. प्रत्येक शेवाळी गांडुळावर बारा ठिपके होते, त्यांनी आदल्या दिवशी मोजले होते. रबर जाड, सुई बारीक. सतराव्या गांडुळाला सुई तिच्या अंगठ्यात गेली.

"राहू दे आता," खणकाका म्हणाले. "सतरा पुष्कळ झाली."

"साहेब मोजतील?"

"मोजतील."

तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि अठरावं घेतलं. दिवे लागायच्या सुमाराला एकेचाळीस झाली. पिशव्यांना बडीशेपेचा वास अजून होताच. त्यात भरल्यावर तीन हात लांबून बघितलं तर कुणालाही वाटलं असतं, की ही तीच आहेत. दोन हातांवरून शंका आली असती. खणकाकांनी ठरवलं, उद्या स्पर्धेआधी साहेबांना बाजूला घ्यायचं आणि सगळं सांगून टाकायचं.

पण रविवारी साहेब गाडीतून उतरले ते बड्या साहेबांच्या पाठोपाठच, आणि उतरताना म्हणतच होते, "...एकेक मी स्वतः निवडलेलं आहे, सर. वर्षं गेली त्यात." तळ्याकाठी घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या. खात्याची सगळी माणसं सुट्टीच्या दिवशी स्वेच्छेने हजर होती. तशी सूचनाच निघाली होती.

"साहेब, एक मिनिट," खणकाका म्हणाले.

"नंतर," साहेबांनी गुंडाळी घेतली आणि बड्या साहेबांपुढे उघडली. पहिल्या पिशवीत बोटं घातली. बोटं थांबली. त्यांनी एक गांडूळ वर काढलं, दाबलं, बघितलं. मग खणकाकांकडे बघितलं. ओरडायला तोंडही उघडलं. पण 'एकेक मी निवडलेलं' हे वाक्य हवेत अजून ताजं होतं, ते परत गिळायची सोय नव्हती.

"लावा लवकर," बडे साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "बघू तुमची ती नाजूक पद्धत."

साहेबांनी गांडूळ गळाला टोचलं आणि पाण्यात सोडलं. खरं गांडूळ तळाशी जातं. हे गेलं नाही. नळीत हवा होती. ते पाण्यावर ऐटीत तरंगत राहिलं, जणू हवा खायला निघालं होतं.

काठावरच्या सगळ्या माना पुढे झाल्या.

"हे तरंगतंय," बडे साहेब म्हणाले.

"हो सर," साहेब म्हणाले. "म्हणजे... तरंगतंय."

"तरंगायलाच हवं, सर," होयबा मागून म्हणाला. "नाजूकपणाची ही पुढची पायरी. बुडण्यातसुद्धा एक जोर आलाच ना."

"अच्छा!" बडे साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

आणि तेवढ्यात पाणी फुटलं. एक मासा, फार तर करंगळीएवढा, उसळून वर आला, गांडुळावर पडला आणि गेला नाही. त्याचे दात टिपेत अडकले होते. साहेबांचा हात इतका थरथरायला लागला की ती पद्धत होती की धक्का, सांगता येईना. साहेबांच्या गळाला लागलेला हा पहिला मासा. त्याआधी नाजूक पद्धतीने एकदा चप्पल आली होती, तेवढीच. टाळ्या पडल्या. होयबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

बड्या साहेबांनी मासा सोडवून पाण्यात सोडला, पण गांडूळ हातातच ठेवलं. चष्मा लावला.

"ही दुहेरी टीप आहे," ते हळूच म्हणाले. "आतून घातलेली. रबरावर. माझे वडील शिंपी होते. रबरावर अशी टीप मी त्यांच्यानंतर आजच बघतोय. कुणाचा हात आहे हा?"

साहेबांनी छाती पुढे काढली. मासा लागला होता, टाळ्या पडल्या होत्या, माणसाचा मोह तरी किती आवरणार.

"माझाच, सर," ते म्हणाले.

म्हणताना त्यांनी खणकाकांकडे बघितलं. या वेळी नजर मऊ होती. सोमवार होता त्या नजरेत. पत्र होतं, खोली होती, ठसठशीत सही होती. फक्त गप्प बसायचं होतं. सव्वीस वर्षांत खणकाकांनी दुसरं केलं काय होतं?

"वा!" बड्या साहेबांनी कोटाच्या आतून सुईदोरा काढला. शिंप्याच्या मुलाची सवय. "मग एक टीप इथेच घालून दाखवा. मला शिकायचीय."

साहेबांनी सुई घेतली. दोरा ओवायला गेले. दोरा डावीकडून गेला. मग उजवीकडून गेला. होयबाने पुढे होऊन दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं. साहेबांनी पुन्हा नेम धरला आणि दोरा होयबाच्या नाकाशी गेला.

"उन्हामुळे दिसत नाही, सर," होयबा म्हणाला.

खणकाका त्या सुईकडे बघत होते. त्यांना दुसराच हात दिसत होता, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेला, अठरावं गांडूळ उचलणारा.

"सर," ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकून स्वतःच दचकले. "ती टीप माझ्या बायकोची आहे. एकेचाळीसच्या एकेचाळीस तिने शिवलीत. साहेबांची खरी गांडुळं माझ्याकडून विरघळली. चूक माझी. टीप तिची."

तळ्यावर असं काही शांत झालं, की खरोखरची नाजूक पद्धत ती हीच असावी. बड्या साहेबांनी सुई परत घेतली, खणकाकांच्या घरचा फोन नंबर लिहून घेतला आणि गाडीकडे गेले. साहेब जाता जाता खणकाकांच्या कानाशी थांबले.

"सोमवारी भेटू," ते म्हणाले. या वेळच्या सोमवारात पत्र नव्हतं.

घरी येऊन खणकाकांनी सगळं सांगितलं. बायको बटणं निवडत ऐकत होती.

"म्हणजे खोली गेली."

"गेली."

"आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत?"

"घेतलं."

मग तिने दोन्ही वाट्या एकत्र ओतल्या. "बहिणीला सांगीन काहीतरी," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."

सोमवारी अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. खणकाका केबिनमध्ये शिरले ते टेबल आवरूनच. साहेबांपुढे मुख्य कार्यालयाचं पत्र होतं. साहेब ते असं धरून बसले होते, जणू त्यातून काहीतरी चावेल.

"तुमच्या घरच्यांना मुख्य कार्यालयाने तज्ज्ञ म्हणून बोलावलंय," ते म्हणाले. "तीन दिवसांची कार्यशाळा. सर्व विभागप्रमुखांनी टीप शिकायची आहे. मीही. गाडी पाठवताहेत."

"हो साहेब."

"आणि नियम असा आहे, की बाहेरच्या तज्ज्ञांसोबत खात्याचा एक माणूस द्यावा लागतो, आणि तो अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही." साहेबांनी पत्र खाली ठेवलं. "आपल्याकडे अधीक्षक नाही."

"होयबा आहे ना, साहेब," खणकाका प्रामाणिकपणे म्हणाले.

"तेच कळवलं होतं मी. पण तज्ज्ञबाईंना मुख्य कार्यालयाने फोन केला. त्या म्हणाल्या, सोबत कोण येणार ते मी ठरवीन." साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "तुमचं नाव सांगितलं त्यांनी. लगेच नाही. थोडा विचार करून."

अधीक्षकाच्या पत्रावर सही करताना साहेबांचा हात जराही थरथरला नाही, नुसता दाबला गेला. सही खालच्या तीन कागदांवर उमटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. तज्ज्ञ मागे बसतात, सोबतचा माणूस पुढे, हे ड्रायव्हरला लेखी दिलेलं होतं. बायको ठेवणीतली साडी नेसून मागच्या सीटवर मधोमध बसली, अंगठ्याची चिंधी काढून तिथे नवी कोरी पट्टी लावलेली. तिने खिडकीची काच खाली केली.

"अहो अधीक्षक," ती म्हणाली, "मशीन राहिलं ना."

अधीक्षक धावत आत गेले, हाताने फिरवायचं ते जड शिलाई मशीन पोटाशी धरून धापा टाकत बाहेर आले आणि डिकीत जागा नव्हती म्हणून ते मांडीवर घेऊन पुढे बसले.